चौदा नंबरचा पोर्ट

"आपल्या स्विचला चोवीस पोर्ट आहेत ना?" उपाध्येसाहेबांनी विचारलं. "मग चोवीसच्या चोवीस पोर्टांचे पत्ते मला कागदावर पाहिजेत. कुठल्या पोर्टवर कुठलं मशीन आहे, ते सगळं. खाली तुझी सही."

"कधीपर्यंत, सर?"

"उद्या अकराला कमिटी बसतीय. त्याच्या आत." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते हॉस्पिटलचे मॅनेजर होते, आणि माणूस वाईट नव्हता. "पद्मजा, हे काम तुला सांगताना मला बरं वाटत नाही. सुलोचना सिस्टर तुझी सख्खी बहीण. अडचण वाटत असेल तर सांग, पुण्याहून कंपनीचा माणूस बोलावतो. चार दिवस जातील, जाऊ देत."

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. इचलकरंजीतल्या त्या हॉस्पिटलात कॉम्प्युटरचं नेटवर्क सांभाळायला लागून दोन वर्षं झाली होती.

"बहीण आहे म्हणून माझा हात अडणार नाही, सर," मी म्हणाले. "मीच करते."

हे बोलताना मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. पंधरा वर्षं झाली, तेवढं मात्र विसरता आलेलं नाही.

झालं होतं ते असं. चार दिवसांपूर्वी बायकांच्या वॉर्डात शाहीन बागवान नावाची तेवीस वर्षांची मुलगी दगावली होती. तापानं दाखल झाली होती. दुपारी सव्वातीनला अक्कानं, म्हणजे माझ्या बहिणीनं, तिला अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं आणि दहा मिनिटांत तिचा श्वास कोंडला. तीन पन्नासला ती गेली. असलं इंजेक्शन देण्याआधी थेंबभर औषध कातडीखाली टोचून अंगाला सोसतंय का ते बघतात. ती टेस्ट केली नव्हती. हे अक्कानं त्याच संध्याकाळी मेट्रनबाईंना स्वतःहून सांगितलं.

"डॉक्टर म्हणाले, हिनं मागच्या वर्षी हेच घेतलंय, थेट द्या. मी दिलं. मी ऐकायला नको होतं."

ड्युटीवरचे डॉक्टर केळुसकर म्हणाले, मी असं बोललोच नाही. टेस्ट करूनच द्या म्हणालो होतो.

आणि मग कॉम्प्युटरमध्ये शाहीनच्या केसपेपरात एक ओळ सापडली: 'टेस्ट डोस दिला, रिअ‍ॅक्शन नाही.' ओळीपुढं वेळ पडली होती साडेचार. म्हणजे शाहीन गेल्यावर चाळीस मिनिटांनी कुणीतरी ती घुसडली होती.

वॉर्डाचं लॉगिन सिस्टर-डॉक्टर सगळ्यांत मिळून एकच. पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीनं लावलेला. नावावरून काही कळायला मार्ग नव्हता. ज्यानं ही ओळ लिहिली तो खोटारडा, आणि जो इथं खोटारडा त्याचं बाकीचं बोलणंही खोटं, असं कमिटीनं ठरवलं होतं. त्यामुळं सगळं येऊन अडलं होतं ते एवढ्यावरच, की ओळ कुठल्या मशीनवरून लिहिली गेली, सिस्टरांच्या की डॉक्टरांच्या.

अक्का आणि मी दोघीच राहायचो, जवाहरनगरात भाड्याच्या दोन खोल्यांत. आई-अण्णा गेल्यावर तिनंच मला डिप्लोमाला घातलं. पण ती कधी उपकाराचं बोलायची नाही, उलट मला चिडवायची, "तुझ्या त्या वायरींपेक्षा माझी सलाईनची नळी बरी, निदान आत काय वाहतंय ते दिसतं तरी." दुपारी आम्ही लाँड्रीच्या मागच्या पायरीवर एकत्र डबा खायचो. त्या दिवशीही ती तिथं येऊन बसली होती. डबा उघडलेला नव्हता.

"पदू, मी ते लिहिलेलं नाही."

"अक्का, यावर माझ्याशी बोलू नकोस. मला रिपोर्ट करायचाय. उद्या कुणी म्हणेल दोघींनी मिळून ठरवलं."

"बरं," ती म्हणाली. बंद डबा बाजूला सरकवत म्हणाली, "तुझ्याकडं काम आलं ते एक बरं झालं. तू नीट बघशील."

मी उठून गेले.

स्विच जिन्याखालच्या खोलीत होता. सगळ्या वॉर्डांतल्या, खोल्यांतल्या वायरी भिंतीतून येऊन या एका पेटीच्या खाचांत, म्हणजे पोर्टांत, घुसलेल्या. प्रत्येक कॉम्प्युटरच्या नेटवर्क कार्डाला कारखान्यातच एक कायमचा पत्ता दिलेला असतो, बारा अक्षर-आकड्यांचा. एकाचा दुसऱ्याला नसतो. आमच्या सॉफ्टवेअरनं त्या साडेचारच्या ओळीबरोबर असा एक पत्ता साठवून ठेवला होता. आणि कुठल्या पोर्टच्या वायरीवरून कुठला पत्ता बोलतोय, हे स्विचला माहीत असतं. त्याच्या प्रत्येक पोर्टला स्वतःचाही एक पत्ता असतो. लॅपटॉप जोडून मी स्विचला विचारलं आणि यादी पडद्यावर उतरली. एकेक पोर्ट, त्याचा स्वतःचा पत्ता, पलीकडच्या मशीनचा पत्ता. मी ती वहीत हातानं लिहून घेत गेले, म्हणजे चूक राहायला नको. एक, दोन, तीन. सात रिकामा. अकरावर औषधांचं दुकान. बोट पडद्यावर, पेन वहीवर.

चौदाला तो पत्ता होता. शेवटची चार अक्षरं मी तीनदा ताडून बघितली.

मग माझं रजिस्टर काढलं. कुठल्या पोर्टची वायर कुठं जाते, हे मी नोकरीला लागले त्याच आठवड्यात लिहून ठेवलं होतं. चौदा: बायकांचा वॉर्ड, नर्सिंग स्टेशन. पंधरा: डॉक्टरांची ड्युटी रूम.

मी खुर्चीवर बसून राहिले. बाहेर जिन्यावरून माणसं चढत-उतरत होती, त्यांच्या चपला डोक्यावर वाजत होत्या.

एक गोष्ट करायची राहिली होती. वर वॉर्डात जायचं, नर्सिंग स्टेशनच्या त्या मशीनसमोर उभं राहायचं आणि त्याचा पत्ता त्याच्याकडूनच वाचून घ्यायचा. दोन मिनिटांचं काम. दुसरं कुणाचं प्रकरण असतं तर मी गेले असते. कुठलंही काम मी असंच दोन बाजूंनी तपासायची. पण वर अक्का ड्युटीवर होती. मी तिच्या मशीनला हात लावताना कुणी बघितलं तर काय म्हणतील? बहिणीला वाचवायला गेली. आणि खरं सांगायचं तर मला तिच्या तोंडाकडं बघायचं नव्हतं. मला राग आला होता. खोटं लिहिलंस ते लिहिलंस, वर पायरीवर बसून मला तोंडावर सांगितलंस, असं मनात चाललं होतं.

मी यादी टाइप केली, छापली आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी कमिटीत पाच जण होते. उपाध्येसाहेबांनी माझा कागद वाचून दाखवला. टेबलाच्या एका टोकाला डॉक्टर केळुसकर, दुसऱ्या टोकाला अक्का. कागद संपल्यावर केळुसकरांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, सुटलो म्हणून मिटले असतील.

"सिस्टर, तुम्हाला काही विचारायचंय?" मेट्रनबाई म्हणाल्या.

अक्कानं माझ्याकडं बघितलं. "पदू, तू वर येऊन मशीन बघितलंस काय?"

"त्याची गरज नव्हती," मी म्हणाले. "स्विचमध्ये जे असतं तेच खरं असतं."

"नक्की?"

"नक्की."

मला वाटलं होतं भांडेल, रडेल. तिनं तसलं काही केलं नाही. मग मेट्रनबाईंना म्हणाली, "जरा पाच मिनिटं हिच्याशी बाहेर बोलू का?"

बाहेर व्हरांड्यात तिनं माझा दंड धरला.

"मला खरंच आठवत नाही गं. त्या पोरीला हलवत होते, तिची आई ओरडत होती. नंतर मी टेबलापाशी बसले होते एवढं आठवतं. काय करत होते ते आठवत नाही." तिनं दाराकडं वळून बघितलं. "तुझं काम कधी चुकत नाही. भीतीच्या भरात माझ्या हातून लिहिलं गेलं असेल काय?"

मी म्हणाले, "लिहिलं असशील."

ती आत गेली आणि कबूल केलं. लिहून दिलं, सही केली. कमिटीच्या लेखी मग सगळंच सोपं झालं. ओळ तिची, म्हणजे डॉक्टरांवरचा आरोपही खोटा. नोकरी गेली. नर्सिंग कौन्सिलकडं तक्रार गेली आणि तिचं रजिस्ट्रेशन थांबवलं. पेपरात 'परिचारिकेची बनवाबनवी' अशी बातमी आली. घरमालकानं काही म्हणायच्या आत अक्का आपणहून कुरुंदवाडला मावशीकडं राहायला गेली. मावशीची पिठाची गिरणी होती, तिथं दळण घ्यायला बसायची. मी दर दोन-तीन रविवारी जायची. ती कधी मला वाकडं बोलली नाही. एकदा एवढंच म्हणाली, "तुझी लाज गेली माझ्यापायी."

फेब्रुवारीत हॉस्पिटलनं नवा, मोठा स्विच घेतला. एका बुधवारी सकाळी मी जुन्यातून एकेक वायर काढून नव्यात लावत होते. प्रत्येक वायर काढण्याआधी त्या खोलीत फोन करायचा, दोन मिनिटं मशीन बंद पडेल म्हणून सांगायचं. चौदा नंबरच्या आधी मी बायकांच्या वॉर्डात फोन केला आणि वायर उपसली.

"पडलं का बंद?" मी फोनवर विचारलं.

"नाही मॅडम, चालू आहे की," वॉर्डातली सिस्टर म्हणाली.

"नीट बघा."

"बघतेय ना. आत्ता पेशंटचं नाव टाकलं मी."

तेवढ्यात टेबलावरचा दुसरा फोन वाजला. ड्युटी रूममधून नवे डॉक्टर बोलत होते. "अहो, आमचं मशीन बंद पडलंय. सांगून तरी बंद करत जा."

वायर माझ्या हातातच होती. मी ती परत लावली. ड्युटी रूमचं मशीन सुरू झालं. पंधराची काढली. वॉर्डातलं बंद पडलं.

मग आठवलं. गेल्या एप्रिलमध्ये जिन्याखालच्या खोलीला रंग दिला होता. मी दोन दिवस रजेवर होते. रंगाऱ्यानं स्विच भिंतीवरून काढून ठेवला असणार, वायरी उपसल्या असणार आणि परत खोचताना शेजारशेजारच्या दोन उलटसुलट झाल्या असणार. वायरींवर नंबर नव्हते. नंबर फक्त माझ्या रजिस्टरात होते. दोन्ही मशीनं चालत होती, मग कुणाच्या लक्षात कसं येणार? शाहीन गेली ती जूनमध्ये.

मी ड्युटी रूममध्ये गेले आणि तिथल्या मशीनचा पत्ता वाचला. तोच पत्ता होता. माझ्या सहीच्या कागदावरचा. ओळ तिथून लिहिली गेली होती. डॉक्टर केळुसकर दोन महिन्यांपूर्वीच नोकरी सोडून गेले होते.

आता लगेच काय करायचं ते सरळ होतं. मी ते केलं नाही.

पहिले दोन दिवस स्वतःला सांगितलं, खात्री करून घेते. ती तर झालीच होती. मग म्हटलं, उपाध्येसाहेब गावाला गेलेत, ते येऊ देत. मग म्हटलं, आधी अर्जाचा मसुदा नीट करावा. खरं कारण एकच होतं. अक्कासमोर बसून ते वाक्य उच्चारायची मला भीती वाटत होती.

त्यात रविवार आला. ठरल्याप्रमाणं मी कुरुंदवाडला गेले. सांगायचं असं ठरवूनच एसटीत बसले होते. मावशी देवळात गेली होती. अक्कानं भाकरी टाकल्या, आमटी केली. जेवताना ती म्हणाली, "तुला एक सांगायचं राहिलं. मी शाहीनच्या आईकडं जाऊन आले."

"कशाला?"

"सांगायला. म्हटलं, मीच ते खोटं लिहिलं होतं. तुमची पोर गेली आणि मी वर कागद झाकायला गेले." ती भाकरीचा पापुद्रा उगीच सोलत होती. "त्या बाईनं काही म्हटलं नाही. मला पाणी दिलं. मग म्हणाली, इंजेक्शनचं मी समजू शकते बेटा, पण ती थंड व्हायच्या आत तुला लिहायचं सुचलं कसं? मी काय सांगणार, पदू? मला तरी कुठं आठवतंय? रोज आठवायला बघते. कधी कधी तर दिसतं पण मला, मी कीबोर्डवर लिहितेय म्हणून."

मी वाटी पुढं केली आणि म्हणाले, "आमटी वाढ थोडी."

तिनं वाढली.

पुढच्या रविवारी मी परत गेले. लागोपाठ दुसऱ्या आठवड्यात आलेली बघून ती हरखली. गिरणी बंद होती, ती मागच्या खोलीत गहू निवडत बसली होती. मी चप्पलसुद्धा नीट काढली नाही.

"अक्का, ती ओळ तू लिहिली नव्हतीस."

मग सगळं सांगितलं. रंगारी, वायरी, चौदा, पंधरा. मी वर येऊन मशीन बघितलं नाही, तेही सांगितलं. मी रडत होते. ती गव्हात हात घालून ऐकत होती.

"म्हणजे मी लिहिलं नव्हतं?"

"नाही."

"मला वेड लागलं नव्हतं."

"नाही अक्का."

तिनं मोठा श्वास सोडला. इतक्या महिन्यांत तिचा चेहरा असा मोकळा झालेला मी बघितला नव्हता. सुपातला हात काढून तिनं माझा हात धरला, आणि तीच माझी समजूत घालायला लागली.

"अगं रडतीस कशाला? रंगाऱ्यानं वायरी बदलल्या ते तुला काय स्वप्नात दिसणार होतं? माझ्याकडून इंजेक्शनचं झालं, तुझ्याकडून हे झालं. चूक माणसाच्याच हातून होते." तिनं पदरानं माझं तोंड पुसलं. "उद्या अर्ज देऊ. आधी त्या शाहीनच्या आईला सांगून येते मी. कधी कळलं तुला हे? काल?"

हो म्हणाले असते तर पुढचं आयुष्य वेगळं गेलं असतं. पण त्या क्षणी तिच्याशी खोटं बोलणं मला जमलं नाही.

"बुधवारी."

"या बुधवारी?"

"मागच्या."

ती मनाशी दिवस मोजत होती, ओठ हलताना दिसत होते.

"म्हणजे गेल्या रविवारी तू इथं आलीस, तेव्हा तुला माहीत होतं."

मी मान हलवली.

"मी शाहीनच्या आईचं सांगत होते तेव्हा?"

"अक्का, मला भीती वाटली—"

"तू आमटी मागून घेतलीस," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. ती आठवून बघत होती, हे असंच घडलं ना, म्हणून. मग तिनं माझ्या हातातला आपला हात काढून घेतला. घाईनं नाही, झोपलेल्या पेशंटचा हात बाजूला ठेवावा तसा.

"अकरा दिवस," ती म्हणाली. "अकरा दिवस तू मला तशीच ठेवलीस."

मी पुष्कळ बोलले. काय बोलले ते आता आठवत नाही. ती परत गहू निवडायला लागली होती. शेवटी तिनं मावशीला हाक मारली आणि म्हणाली, "मावशी, पदूला चारची गाडी मिळेल. तिला चहा कर."

सोमवारी मी अर्ज दिला. मशीनचे पत्ते, चौदा-पंधराची अदलाबदल, माझी चूक, सगळं लिहून दिलं. हॉस्पिटलला ते प्रकरण पुन्हा उकरायचं नव्हतं, म्हणून मी कौन्सिललाही कागद पाठवले आणि राजीनामा दिला. दीड वर्ष गेलं, पण अक्काचं रजिस्ट्रेशन परत मिळालं. टेस्ट न करता इंजेक्शन दिल्याबद्दल तिला ताकीद मिळाली. ती तिनं न भांडता घेतली. पेपरानं चार ओळींचा खुलासा छापला, आतल्या पानावर. केळुसकरांचं पुढं काय झालं ते मला माहीत नाही. शाहीनच्या आईकडं अक्का एकटी गेली. मी येते म्हटल्यावर म्हणाली, "तू येऊ नकोस."

आता ती निपाणीला असते, तिथल्या हॉस्पिटलात मेट्रन आहे. माझ्या लग्नाला आली, अंगावरचा एकमेव दागिना मला घातला. माझ्या मुलीवर तिचा जीव आहे. आमच्यात भांडण आहे असं कुणालाही सांगितलं तर खरं वाटणार नाही.

मागच्या वर्षी माझं पोटाचं ऑपरेशन झालं. अक्का रजा काढून आली आणि तीन दिवस माझ्या उशाशी बसली. अंग पुसलं, वेणी घातली, इथल्या नर्सेसना दोन गोष्टी शिकवल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी खोलीत आम्ही दोघीच होतो. ती सलाईनचे थेंब बघत उभी होती.

"अक्का," मी म्हणाले, "अजून राग आहे का गं?"

तिनं नळीवरचं चाक किंचित फिरवलं, घड्याळाकडं बघून थेंब मोजले.

"हात हलवू नको," ती म्हणाली. "सुई निघेल."